एका डलॉनेगा नाण्याचं मोल ठरवताना

आमच्या शेजारच्या बाईंचे यजमान 2024 च्या उन्हाळ्यात गेले. मालमत्तेची यादी करताना वकिलांनी विचारलं, सोन्याची दोन जुनी नाणी आहेत म्हणता, त्यांची किंमत काय लिहू? अमेरिकेत वारशानं आलेल्या वस्तूची किंमत साधारणपणे माणूस गेला त्या दिवसाच्या बाजारभावानं धरतात. पुढे वारसानं ती विकली तर नफा-तोटा त्या आकड्यापासून मोजायचा. त्यामुळे हा आकडा अंदाजपंचे लिहून चालत नाही. जॉर्जिया राज्यातल्या डलॉनेगा गावी एकोणिसाव्या शतकात सोन्याची नाणी पाडणारी टांकसाळ होती. तिची नाणी मी जमवते हे बाईंना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

अटलांटाच्या उत्तरेला आम्ही राहतो. इथल्या मराठी घरांत सोन्याची अमेरिकन नाणी आता नवी नाहीत, पण ती बहुतेक 1986 नंतर निघालेली ‘गोल्ड ईगल’ असतात. ती वजनाच्या भावानं घ्यायची आणि वजनाच्याच भावानं विकायची. एकोणिसाव्या शतकातल्या नाण्यांचा हिशोब निराळा असतो. बाईंच्या डबीत तो फरक शेजारी शेजारी ठेवलेला होता, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून काढतेय.

डबीत दोन नाणी होती आणि दोन्ही पाच डॉलरची, म्हणजे ‘हाफ ईगल’. दहा डॉलरचं नाणं ते ईगल, अडीच डॉलरचं क्वार्टर ईगल, आणि कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर 1850 पासून चलनात आलेलं वीस डॉलरचं ते डबल ईगल. बाईंच्या दोन्ही नाण्यांवर ख्रिश्चन गोब्रेख्ट यांनी आखलेला लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा, तोच चेहरा होता: केस मागे बांधलेले, कपाळावर मुकुटाची पट्टी, भोवती तेरा तारे. कायद्यानं ठरलेलं वजन 8.359 ग्रॅम, त्यात सोनं नव्वद टक्के. म्हणजे शुद्ध सोनं दोन्हींत साडेसात ग्रॅमच्या किंचित वर. तेव्हा सोन्याचा भाव औंसाला अडीच हजार डॉलरच्या आसपास होता. त्या हिशोबानं एकेका नाण्यातलं सोनं सहाशे डॉलरचं.

एक नाणं 1881 चं. ते ब्रोचमध्ये बसवलेलं, लखलखीत. दुसरं 1853 चं, मातकट पिवळं, अक्षरांच्या खाचांत काळपट मळ साचलेला. बाईंच्या मनानं घेतलं होतं की चमकणारं नाणं किमती आणि दुसरं जरा खराब झालेलं. वकिलांना फोटो पाठवण्याआधी ते खाण्याच्या सोड्यानं घासून उजळ करावं, असा त्यांचा बेत होता. सोडा ओट्यावर काढूनही ठेवला होता. मी त्यांना हात जोडून विनंती केली की या नाण्याला काही म्हणजे काही लावू नका.

मग दोन्ही नाणी उलटी केली. मागच्या बाजूला पंख पसरलेला गरुड असतो आणि तळाशी किंमत कोरलेली असते: ‘फाइव्ह डी’. बाई म्हणाल्या, डी तर दोन्हींवर आहे. बरोबर, पण तो डी डॉलरचा. 1853 च्या नाण्यावर त्याखेरीज आणखी एक बारका डी होता, गरुडाच्या खाली आणि किमतीच्या अक्षरांच्या वर. भिंगाशिवाय तो ठिपक्यासारखा दिसत होता. तो टांकसाळीचा डी. 1881 च्या नाण्यावर ती जागा मोकळी होती. फिलाडेल्फियाची मुख्य टांकसाळ त्या काळी आपल्या सोन्याच्या नाण्यांवर खूण घालत नसे. शार्लटची खूण सी, न्यू ऑर्लिन्सची ओ, सॅन फ्रान्सिस्कोची एस, कार्सन सिटीची दोनदा सी. आजच्या नाण्यांवरचा डी डेन्व्हरचा, पण डेन्व्हरची नाणी 1906 पासून निघू लागली. 1853 मधला डी डलॉनेगाखेरीज कुणाचा असूच शकत नाही.

आता आकडे पाहा. 1881 मध्ये फिलाडेल्फियानं पाच डॉलरची 57 लाखांहून अधिक नाणी पाडली. 1853 मध्ये डलॉनेगात पाडली 89,678. (बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली ते हेच वर्ष.) डलॉनेगाच्या मानानं ही संख्या मोठीच आहे. 1856 मध्ये तिथे अडीच डॉलरची अवघी 874 नाणी निघाली. तीन डॉलरचं नाणं तर तिथे एकाच वर्षी पाडलं, 1854 मध्ये, फक्त 1,120. जी निघाली त्यांतलीही बहुतेक हाताळून झिजली, वितळली. माझ्यासारख्या संग्राहकाला परवडेल असं डलॉनेगाचं नाणं शोधायचं तर 1853 चं हाफ ईगल आधी डोळ्यांसमोर येतं. बाईंच्या डबीत ते कधीचं पडून होतं.

डलॉनेगा आमच्यापासून गाडीनं तासाभराच्या आत. डोंगरपायथ्याचं छोटं गाव. चौकात 1836 ची कोर्टाची इमारत आहे. तिथे आता सोन्याचं संग्रहालय आहे आणि या टांकसाळीची नाणी तिथे मांडलेली आहेत. या डोंगरांत 1828-29 च्या सुमाराला सोनं सापडलं आणि झुंडीच्या झुंडी आल्या. जमीन होती तिथल्या मूळनिवासी चेरोकी लोकांची. जॉर्जिया राज्यानं 1832 मध्ये त्यांच्या जमिनी लॉटरी काढून गोऱ्यांना वाटून टाकल्या. 1835 च्या कायद्यानं शार्लट, डलॉनेगा आणि न्यू ऑर्लिन्स इथे टांकसाळी मंजूर झाल्या. डलॉनेगाचं पहिलं नाणं एप्रिल 1838 मध्ये निघालं आणि त्याच वर्षी मे महिन्यात सैन्यानं जॉर्जियातल्या चेरोकी कुटुंबांना घरांतून बाहेर काढून छावण्यांत कोंडायला सुरुवात केली. पुढे त्यांना पश्चिमेकडे हाकलताना हजारो माणसं मेली. या टांकसाळीची नाणी जमवणाऱ्यानं हे दोन महिने एकमेकांना लागून आहेत हे लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. माझ्या वहीत प्रत्येक नाण्याच्या पानावर मी ते लिहून ठेवते.

टांकसाळ 1861 मध्ये यादवी युद्धानं बंद पडली, ती पुन्हा उघडली नाही. दक्षिणेच्या बंडखोर राज्यांनी ती ताब्यात घेतल्यावर तिथे 1861 चे सोन्याचे डॉलर पाडले. किती पाडले याची सरकारदरबारी नोंद नाही, म्हणून त्या इवल्याशा नाण्याला आज फार मोठी किंमत येते. याच युद्धानं अमेरिकेचा कापूस अडकला आणि मुंबईत कापसाची ती प्रसिद्ध तेजी आली, हे आपल्याकडच्या वाचकांना माहीत असतंच. टांकसाळीची इमारत 1878 मध्ये जळाली. तिच्या पायावर उभ्या असलेल्या विद्यापीठाच्या इमारतीचा मनोरा सोन्याच्या पत्र्यानं मढवलेला आहे.

असो. ओळख पटली की पुढचा प्रश्न खऱ्या-खोट्याचा. डलॉनेगाच्या नाण्यांत पूर्ण बनावट नाण्याइतकीच भीती असते ती चिकटवलेल्या डीची. 1853 मध्ये फिलाडेल्फियानं अशीच पाच डॉलरची 3,05,770 नाणी पाडली होती. ती सोन्याच्या भावाहून थोड्याच जास्त किमतीला मिळतात. अशा नाण्यावर बारका डी बसवला की किंमत कितीतरी पट. सोनं खरं, वजन खरं, खोटं एवढं एक अक्षर. त्यामुळे वजनकाटा इथे अर्धंच काम करतो. तरी मी सुरुवात त्यानंच केली: 8.31 ग्रॅम. एवढ्या झिजेच्या नाण्याला ते शोभणारं होतं. व्यास कॅलिपरनं मोजताना जबड्यांवर मऊ कागद लावला, कडेचे दाते एकसारखे आहेत का ते पाहिलं. सोन्याची घनता पाहायची तर नाणं दोऱ्यानं बांधून शुद्ध पाण्यात तोलता येतं, नव्वद टक्के सोन्याला ती 17.2 च्या जवळपास येते. कसोटीचा दगड आणि तेजाब मात्र अजिबात नको. सराफाची ती पद्धत दागिन्याला ठीक, पण नाण्यावर तिचा ओरखडा कायमचा राहतो.

मग दहापटीचं भिंग आणि एकच दिवा. दिवा एका बाजूला ठेवून नाणं कडेला धरायचं आणि सावकाश कलतं करायचं. डीच्या मुळाशी मी बराच वेळ थांबले. मागाहून बसवलेल्या अक्षराच्या पायाशी बारीक रेघ दिसते, भोवतीच्या सपाटीचा रंग बदलतो, कधी ओरखडे घासून मिटवल्याच्या खुणा असतात. इथे अक्षर सपाटीतूनच वर आलेलं होतं आणि त्याच्या कुशीत मळाचा तोच थर होता जो बाकीच्या अक्षरांत होता. डलॉनेगाचे ठसे फिलाडेल्फियाहून तयार होऊन येत, आणि टांकसाळीची खूण प्रत्येक ठशावर हातानं ठोकलेली असे. म्हणून तिची जागा ठशागणिक थोडी सरकलेली दिसते. मग लिलावात विकल्या गेलेल्या 1853 च्या नाण्यांचे मोठे फोटो काढून बसले. डीची जागा, गरुडाच्या पिसांशी त्याचं अंतर, तारखेच्या आकड्यांचा कल, सगळं त्यांतल्या ठशांच्या एका जोडीशी जुळलं. त्या रात्री मला झोप लागेना इतका आनंद झाला होता.

झिजेचा अंदाज करणं याहून अवघड. डलॉनेगाच्या नाण्यांचा छाप पुष्कळदा असमान उठलेला असतो. गरुडाची मान किंवा पंखाचा एखादा भाग मुळातच बुजरा निघतो. नवख्याला ती झीज वाटते. फरक कळतो तो झळाळीवरून. जिथे नाणं खरोखर घासलं गेलंय तिथला पृष्ठभाग मऊ आणि मंद दिसतो. जिथे छापच दबला नव्हता तिथे तपशील नसला तरी मूळची झळाळी शिल्लक असते. बाईंच्या नाण्यावर लिबर्टीच्या कपाळावरचे केस खरंच झिजलेले होते, पण ताऱ्यांच्या मध्ये आणि अक्षरांच्या आडोशाला ती जुनी चमक अजून लपून होती. सोड्यानं घासलं असतं तर सगळ्यांत आधी तीच गेली असती.

ब्रोचचं नाणं मी त्या दिव्याखाली धरलं तेव्हा वाईट वाटलं. मागे पिनेसाठी डाख दिलेला, वरच्या काठाला कडी जोडलेली, आणि वर्षानुवर्षं पॉलिश केल्यानं सगळी सपाटी केसासारख्या रेघांनी भरलेली. आपल्याकडे पुतळ्यांच्या माळेसाठी व्हेनिसच्या डुकाटांना अशाच कड्या बसवत. माझ्या आजीच्या माळेतल्या पुतळ्या मी लहानपणी मोजत बसायची. दागिना म्हणून त्या माळेला मोल आहेच. पण नाणं म्हणून पाहणारा ग्राहक डाख दिसला की मोडीच्या भावावर येतो. 1881 सारखं विपुल असलेलं नाणं तर डाखाशिवायही सोन्याच्या भावापासून फार वर जात नाही. बाईंना हे सांगताना मी अडखळत होते. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, तो ब्रोच सासूबाई दर रविवारी चर्चला घालत, तो तर मी विकणारच नव्हते.

त्यांच्या मनात निराळीच धास्ती होती. 1933 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांनी आपलं सोनं सरकारजमा करावं असा हुकूम काढला, तेव्हा सासऱ्यांनी ही नाणी दिली नव्हती. मग ही बेकायदा तर नाहीत? मी त्यांना त्या हुकमातली कलमं वाचून दाखवली. माणशी शंभर डॉलरपर्यंतची सोन्याची नाणी ठेवायला मुभा होती, आणि दुर्मीळ म्हणून संग्राहकांच्या लेखी खास मोल असलेल्या नाण्यांना वेगळी सूट होती. दोन नाणी मिळून दहा डॉलर. सासऱ्यांनी काहीही गैर केलं नव्हतं. 1974 च्या डिसेंबरअखेरीपासून तर सोनं बाळगण्यावरचं बंधनच उठलं. बाईंचा चेहरा त्या दिवशी खुलला. नवऱ्याच्या माघारी त्यांच्या घराण्यावर डाग नाही हे त्यांना किमतीपेक्षा जास्त हवं होतं.

बाजाराचा अंदाज घ्यायला आम्ही दोघी काही दुकानांत गेलो. एका दुकानात माणसानं दोन्ही नाणी काट्यावर एकत्र टाकली, कॅल्क्युलेटर दाबला आणि सोन्याच्या भावाहून कमी आकडा सांगितला. भिंग हातात घेतलंच नाही. मला राग आला. एकटी बाई असती तर तिथेच सही करून आली असती. दुसरीकडे एका जाणत्या डीलरनं मात्र नाणं खिडकीशी नेऊन पाहिलं, डीवर नजर ठेवली आणि म्हणाला, आधी ग्रेडिंग करून घ्या, मग माझ्याकडे या. अशी माणसंही या धंद्यात भरपूर आहेत. माझी दुकानांची पारख एवढ्यावरूनच होते: तो माणूस आधी काट्याकडे जातो की उजेडाकडे?

ग्रेडिंग म्हणजे तिऱ्हाइताकडून नाण्याची परीक्षा. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी काढली, तीच पुढे सगळ्या अमेरिकन नाण्यांना लागू झाली. चाळीस आणि पंचेचाळीसला ‘एक्स्ट्रीमली फाइन’ म्हणतात, पन्नास ते अठ्ठावन्न म्हणजे जवळजवळ न वापरलेलं, साठपासून पुढे वापरात न आलेलं. पीसीजीएस 1986 मध्ये आणि एनजीसी 1987 मध्ये, या ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या सुरू झाल्यापासून डीलरच्या शब्दावर विसंबायची गरज उरली नाही. तिथे एकाहून अधिक परीक्षक नाणं स्वतंत्रपणे पाहतात. खरं ठरलं की ते प्लास्टिकच्या बंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, नंबरासकट येतं. नाणं घासलेलं, डाख दिलेलं, खरवडलेलं असेल तर आकडा मिळत नाही. ‘डीटेल्स’ असा शेरा मिळतो आणि किंमत बरीच उतरते. ब्रोचवर ही फी घालवण्यात अर्थ नव्हता. डलॉनेगाच्या नाण्याला मात्र ती हवीच, कारण डी अस्सल आहे हे माझ्या सांगण्यावरून कोण मानणार?

नाणं दोन्ही बाजूंनी फोटो काढून, विम्यासाठी किंमत लिहून, पोस्टाच्या रजिस्टर्ड मेलनं पाठवलं. हा मार्ग मंद आहे, पण पाकीट प्रत्येक हातातून सहीनं जातं आणि पन्नास हजार डॉलरपर्यंत विमा मिळतो. निकाल यायला बरेच आठवडे लागले. आला तो एक्स्ट्रीमली फाइन पंचेचाळीस, शेरा नाही. मी मनात चाळीस धरून बसले होते.

आकडा मिळाला तरी किंमत ठरायची असते. एकाच नाण्याला एकाच दिवशी निरनिराळ्या किमती असतात. छापील मार्गदर्शकांत येते ती ग्राहकानं दुकानात मोजायची किंमत. 1963 पासून निघणाऱ्या ‘ग्रेशीट’ या भावपत्रकात असते ती डीलर एकमेकांना देतात ती. विम्यासाठी लागते ती नाणं हरवलं तर तसंच दुसरं घ्यायला पडेल ती. वारशाच्या कागदावर मात्र राजीखुशीचा विक्रेता आणि राजीखुशीचा ग्राहक यांच्यात ठरेल ती लिहायची, आणि तिचा सगळ्यांत भरवशाचा पुरावा म्हणजे लिलाव. मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या नोंदी फोटोंसकट सगळ्यांना पाहता येतात. पंचेचाळीसच्याच ग्रेडची 1853-डी नाणी मी एकामागून एक पाहत गेले. ग्रेड तीच, तरी किमतींत शेकडो डॉलरचा फरक. ज्यांचा रंग मूळचा, सपाटी शांत, त्यांना लोकांनी जास्त मोजले होते. धुऊन उजळलेली, तरी कशीबशी ग्रेड मिळालेली नाणी मागे पडली होती. बाईंचं नाणं कुठल्या रांगेत बसतं हे फोटो शेजारी ठेवल्यावर स्पष्ट दिसत होतं. बाईंचे यजमान गेले त्या तारखेच्या आगेमागे झालेल्या विक्रींचा आधार घेऊन मी अडीच हजार डॉलर असा आकडा काढला. कारणांसकट दोन पानांचं टिपण केलं, त्या जाणत्या डीलरकडून लेखी दुजोरा घेतला आणि वकिलांना पाठवून दिलं.

ते नाणं तूच घे ना, असं बाई एकदा नाही, अनेकदा म्हणाल्या. मला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण ज्याची किंमत मी ठरवली ते मीच घेणं मला पटेना. पुढे त्यांनी नातवाच्या कॉलेजसाठी ते विकायचं ठरवलं, तेव्हा मी त्यांना लिलावाचा रस्ता दाखवला आणि स्वतः बोली लावली नाही.

हातोडा पडला 2,200 वर. त्यावर लिलावगृहानं घेणाऱ्याकडून वीस टक्के जास्त घेतले, म्हणजे त्यानं मोजले 2,640. बाईंच्या हाती आले ते 2,200 मधून लिलावगृहाचं कमिशन वजा जाऊन. वारशाच्या आकड्यापेक्षा ही रक्कम थोडी कमीच असल्यानं कर लागायचा प्रश्न आला नाही. ग्रेडिंगची फी, टपाल, विमा यांच्या पावत्या मी त्यांच्या फाइलला लावून दिल्या. ब्रोच त्यांनी नातीला दिला. त्याची पिन सैल झाली होती, तेवढी सोनाराकडून घट्ट करून घेतली.